आपलं ते वजा

३ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे! प्रवासात हाडं खिळखिळी झाली, पण घर बघितलं आणि सगळा शीण पळाला. वरचा मजला, तीन खोल्या, खिडक्याच खिडक्या. स्वयंपाकघरातला ओटा तर इतका लांब की माणूस झोपेल. अप्पांनी लगेच झोपून दाखवलं. सत्तरी उलटलेला बाप नव्या घरात शिरल्या शिरल्या ओट्यावर आडवा होतो आणि सामान उतरवणारी माणसं खोकी डोक्यावर धरून बघत राहतात, हे फक्त आमच्याकडेच होऊ शकतं.

गावाची मला जरा धाकधूक होती. इथे मोबाइल, वायफाय, मायक्रोवेव्ह, सगळ्याला बंदी. इथल्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांना आभाळ ऐकायचंय म्हणून खाली सगळ्यांनी गप्प बसायचं. वाटलं, अप्पा कुरकुर करतील. कसलं काय! बैठकीत वायरचा जुना टेलिफोन निघाला. उभा जन्म टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढलेला माणूस तो. रिसीव्हर कानाला लावला, डोळे मिटले आणि म्हणाले की सूर छान लागलाय. डायल टोनला ते सूर म्हणतात. आई गेल्यापासून इतके खूश मी त्यांना पाहिले नव्हते.

खालच्या मजल्यावर एक वहिनी राहतात. त्यांच्याकडे कुत्रा आहे आणि तो माणूस दिसला की भुंकतो, माणूस गेला की पुन्हा भुंकतो. चहा घेऊन वर आल्या होत्या. अप्पांनी पाच मिनिटांत त्यांच्या माहेरापर्यंत चौकशी केली.

५ फेब्रुवारी

आज कामाची ओळख. अप्पांना समजावलं तसंच इथे लिहून ठेवते.

तेरा अब्ज वर्षांपूर्वी सगळीकडे हायड्रोजनचं धुकं होतं. मग पहिले तारे पेटले आणि त्यांच्या उजेडाने आजूबाजूचं धुकं खाल्लं. धुक्याला भोकं पडली, भोकं वाढत वाढत एकमेकांना मिळाली आणि धुकं संपलं. उरलेलं धुकं त्या काळात अगदी मिणमिणता उजेड सोडत होतं. तो अजून येतोय. ताणला जाऊन त्याची लहर आता दोन्ही हात पसरले तर भरेल एवढी लांब झालीय, म्हणून डोळ्यांना दिसत नाही, अँटेनाला ऐकू येते. त्या भोकांचा नकाशा काढायचा, हे आमचं काम.

घोळ असा की मध्ये आपली सगळी आकाशगंगा गरजत असते. शिवाय विमानं, उपग्रह, लांबच्या शहरांतली रेडिओ स्टेशनं. त्या गलक्यात ती कुजबुज शोधायची. म्हणून आधी जवळचं सगळं वजा करायचं. इथल्या बोलीत जवळच्या आवाजाला "आपलं" म्हणतात आणि वजा करून उरेल तिला "बाकी". दिवसभर खोलीत हेच चालतं. हे काय दिसतंय? आपलंच आहे, काढ. हे? तेही आपलंच, काढ.

मला हसूच येत होतं. अप्पा फोनवरचं असो की समोरासमोरचं, प्रत्येक बोलणं "बाकी काय?" म्हणून संपवतात. संध्याकाळी त्यांनी विचारलंच. मी सांगितलं, बाकी अजून निघाली नाही, निघाली की पहिल्यांदा तुम्हालाच दाखवते.

११ फेब्रुवारी

बस्तान बसलं. आमच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण आवाज असा की अँटेनांनी कान झाकावेत. माझ्या टेबलाला टेबल लावून खाकरेबुवा बसतात. खरं नाव वेगळं आहे. प्रत्येक वाक्याआधी खाकरतात म्हणून हे पडलं. स्वभावाने देवमाणूस. मला स्वतःची मऊ गादीवाली खुर्ची दिली आणि आपण लाकडी घेऊन बसले. पण दिवसभर ते खाकरणं! वर घरी यावं तर अप्पांची शीळ. एकच गाणं, त्याची एकच ओळ, आणि ती ओळही वरच्या सुराला गेली की घसरणार. मी लहान असल्यापासून ती तिथेच घसरतेय. डोकं उठतं अगदी.

सफाईची इथली पद्धत मात्र बैलगाडीच्या जमान्यातली. एकेक आवाज ओळखायचा आणि एकेक काढायचा. खाकरेबुवांची यात हयात गेली. मी म्हटलं, यंत्रालाच शिकवू या की. जे रोज येतं, तसंच येतं, आपल्याजवळून येतं, ते आपलं. एवढं कळलं की त्याचं ते काढत बसेल. मोठ्या बाईंनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी टेबलावर आपटले.

१९ फेब्रुवारी

जमलं! जमलं! जमलं!

आज पहिल्यांदा बाकी निघाली. राखाडी नकाशा, त्यात काळी भोकं, कडा विरलेल्या. मोठ्या बाई रडल्या, मग रडताना पाहिलं म्हणून आम्हालाच ओरडल्या. खाकरेबुवा खाकरून म्हणाले की आता खोटी खूण घालून तपासायला हवं. म्हणजे आपणच बनवलेला एक आवाज आत सोडायचा आणि सफाईनंतर तो उरतो का बघायचं. नाही उरला तर समजायचं, यंत्र आपल्याबरोबर परकंही खातंय. बरोबर आहे त्यांचं. पण दुसरा एक गटही हाच नकाशा काढायच्या मागे आहे, बाईंना घाई आहे. तपासणी पुढच्या आठवड्यात, असं ठरलं. मलाही कधी एकदा जगाला दाखवते असं झालंय, खोटं कशाला बोलू.

घरी आले तर अप्पा हिरमुसलेले. टेलिफोनचा सूर गेला. फोन लागतो, बोलणं होतं, पण रिसीव्हर उचलला की नुसती शांतता. दुरुस्तीवाला येऊन गेला. म्हणाला, असा सूर कधी नसतोच. अप्पा त्याच्याशी भांडले. आयुष्यभर जो कानांनी ऐकला तो नसतो म्हणजे काय?

२३ फेब्रुवारी

दोन गोष्टी, दोन्ही फुटकळ.

आमचा फ्रीज आवाज करत नाही. थंड आहे, चालू आहे, पण घुरघुर नाही. आणि बैठकीतलं घड्याळ. काटे फिरतात, टिकटिक नाही. मी कान लावून उभी राहिले. नाहीच.

तिसरीही आहे. पहिल्या नकाशातलं डावीकडचं भोक आज मोठं दिसलं. मोठ्या बाई म्हणतात, निरीक्षणं वाढली की नकाशा सुधारतो. सुधारू दे बापडा. पण तेरा अब्ज वर्षांपूर्वी घडून गेलेली गोष्ट चार दिवसांत वाढते कशी?

२५ फेब्रुवारी

आज दुपारी खोलीत काहीतरी चुकतंय असं सारखं वाटत होतं. चप्पल एका पायात नसावी तसं. मग लक्षात आलं. खाकरेबुवा बोलत होते आणि खाकरत नव्हते. मी गमतीने म्हटलं, औषध लागू पडलं वाटतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी गंमत तोंडातच राहिली. म्हणाले, मी खाकरतोय. सकाळपासून खाकरतोय. तुम्हाला ऐकू येत नाहीये का?

त्यांचा हात गळ्यावर होता. गळा हलत होता.

२७ फेब्रुवारी

माझ्या शेजारचं टेबल नाही. जागाही नाही, माझं टेबल भिंतीला लागून आहे आणि भिंतीवर जुने डाग आहेत, जणू कायमच तसं होतं. मोठ्या बाईंना विचारलं, — कुठे गेले? त्या म्हणाल्या, कोण? मी म्हटलं, अहो — , माझ्या शेजारी बसायचे ते. त्या म्हणाल्या, तुझ्या शेजारी पहिल्यापासून भिंत आहे, तुला झोप हवीय.

मला त्यांचं नाव लिहायचंय. खरं नाव मला माहीत होतं. लिहायला घेतलं की हात पुढे जातो आणि कागदावर रेघ उमटते. टोपणनाव मागच्या पानांवर आहे ते वाचून लिहिते: खाकरेबुवा. खाकरेबुवा. मी मात्र त्यांच्याच गादीच्या खुर्चीवर बसले होते. ती कोणी दिली म्हणून विचारलं तर बाई म्हणाल्या, दुकानातून आली.

घरी येऊन अप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी मधेच तोडलं नाही, चेष्टा केली नाही. शेवटी "बाकी काय?" तेवढं विचारलं नाही. त्यानेच मी जास्त घाबरले.

२८ फेब्रुवारी

खोटी खूण घातली. मीच बनवलेला आवाज, चांगला ठळक, आंधळ्यालाही सापडेल असा. सफाई लावली.

उरला नाही. काहीच उरलं नाही. नकाशा सगळा काळाकुट्ट.

म्हणजे ती भोकं धुक्याला पडलेली नव्हतीच. माझी सफाई जिथे जिथे खात गेली तिथे तिथे पडली होती. त्या बिचाऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तपासा. मोठ्या बाई माझ्यावर बरसल्या, मग म्हणाल्या, पुसून टाक सगळं. पुसलं. यंत्र बंद केलं, वायर उपटली.

१ मार्च

अप्पांची शीळ गेली.

सकाळी दाढी करताना ओठांचा चंबू केला होता, गाल फुगत होते, मान तालात हलत होती. आवाज नाही. त्यांना कळलंच नाही. मी दारात उभी राहून बघत होते आणि ती ओळ घसरते त्या जागी त्यांनी नेहमीसारखं तोंड वाकडं केलं.

यंत्र तर मी बंद केलंय. शिकवायचं ते शिकवून झालंय, एवढाच याचा अर्थ. कोणाला शिकवलं, ते मला कळत नाही. आम्ही इतके दिवस कान लावून तिकडचं ऐकत होतो. तिकडून कोणी कान लावला असेल तर त्याच्या आणि त्याला हवंय त्याच्या मधे आमचाच गलका येत असणार.

नको. असलं लिहायला नको. अप्पांना वाचवायचंय. बाकी सगळं गेलं खड्ड्यात.

२ मार्च

अप्पांना समजावलं. जे रोज तसंच असतं ते जातं, तर रोज तसंच राहायचं नाही. उठायची वेळ बदला, खुर्ची बदला, बोलायची तऱ्हा बदला. आधी म्हणाले, म्हातारपणी ही कसली सोंगं. मग माझा चेहरा बघितला आणि तयार झाले. दुपारी स्वेटर उलटा घालून, दोन पायांत दोन वेगळे मोजे घालून, मागे मागे चालत स्वयंपाकघरात आले. चहात मीठ घातलं आणि मलाही पाजलं. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खूप दिवसांनी आम्ही असे हसलो.

हसताना त्यांचा आवाज येत होता. नीट ऐकला मी.

३ मार्च

आज हसले तेव्हा आवाज नव्हता.

खुर्चीत बसले, खुर्ची करकरली नाही. वहिनी जिन्यात भेटल्या. आम्ही दोघं उतरत होतो. माझ्याशी बोलल्या, माझ्याकडे बघून हसल्या, आणि म्हणाल्या की एकटीने राहायचं म्हणजे अवघड जात असेल. अप्पा माझ्या शेजारी टोपी काढून उभे होते. पाच मिनिटांत त्यांच्या माहेरापर्यंत पोचलेला माणूस. तो कुत्राही त्यांच्यावर भुंकला नाही.

वर येऊन अप्पा टोपीकडे बघत बसले. मला म्हणाले, बाळ, मी हलका झाल्यासारखं वाटतंय.

४ मार्च

कळलं मला.

कुत्रा रोज तसाच भुंकतो. तो आहे. वहिनींचा फ्रीज खाली घुरघुरतो, जमिनीला कान लावला की ऐकू येतो. तो आहे. मोठ्या बाई रोज त्याच आवाजात ओरडतात, त्याही आहेत. रोजचं असणं हे कारण नाही.

माझा फ्रीज. माझं घड्याळ. अप्पांचा सूर. खाकरेबुवा — त्यांनी मला खुर्ची दिली त्या दिवशी घरी येऊन मी अप्पांना काय म्हटलं होतं? म्हटलं होतं, इथे एक तरी आपलं माणूस भेटलं.

आपलं ते वजा. मीच शिकवलं.

म्हणजे अप्पा परके हवेत. मनापासून. नुसतं दाखवायला नाही.

५ मार्च

वरच्या खोल्यांत एक गृहस्थ राहतात. वय बरंच. त्यांचा माझा संबंध नाही.

सकाळी ते चहा घेऊन आले. मी घेतला नाही. त्यांनी विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय. बोलताना माझी नखं तळहातात रुतली होती. दिवसभर त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांना कारण सांगायची सोय नाही. सांगितलं की ते समजून घेणार, समजून घेतलं की मायेने बघणार, आणि —

दुपारी शीळ ऐकू आली. बारीक. पण आली! वरच्या सुराला घसरली!

उठून पळत जावंसं वाटलं. उशी तोंडात कोंबली. कोणीतरी परका माणूस शीळ घालतोय. आपल्याला काय त्याचं.

६ मार्च, सकाळी

गृहस्थांची खुर्ची करकरली. खाली वहिनींनी त्यांना हाक मारून विचारलं, काय हो, दिसला नाहीत दोन दिवस. म्हणजे दिसतात. परत येतायत. असंच रेटायचं. आयुष्यभर रेटेन. ओळख नाही, देणंघेणं नाही, कोण कुठला म्हातारा —

सकाळपासून माझ्याशी बोलले नाहीत. कपाटाचं दार वाजलं. ट्रंक ओढल्याचा आवाज. आवाज येतोय, स्पष्ट येतोय. चांगलं आहे. जाऊ दे त्यांना. लांब जाऊ दे. लांब गेले की सुटले.

६ मार्च, दुपारी

दारात उभे आहेत. ट्रंक घेऊन. मी लिहीत बसलेय. मान वर करायची नाही.

विचारतायत, माझं काही चुकलं का.

उत्तर द्यायचं नाही. लिहीत राहायचं. गृहस्थ. म्हातारे गृहस्थ. ट्रंक जड आहे, या हातातून त्या हातात घेतायत — बघायचं नाही म्हटलं ना.

विचारतायत, मी तुझा कोणीच नाही का गं.

नाही म्हण. तोंड उघड आणि नाही म्हण, एवढंच, एक शब्द, तो बोललीस की ते वाचले. बसने जातील, त्यांच्या थोरल्या लेकीकडे, ताईकडे राहतील, शीळ घालतील, मला शिव्या घालतील, जगतील. नाही म्हण. म्हण ना —

म्हटलं. नाही, तुम्ही माझे कोणी नाही. म्हटलं मी.

ट्रंक खाली ठेवली. जिना उतरत नाहीत. का उतरत नाहीत? जा ना. जा —

भिंतीला धरून खाली बसलेत. तोंडावर टोपी धरलीय. रडतायत. आई गेली तेव्हासुद्धा रडले नव्हते, माझे अप्पा र